गंग शिफूंची कोरी बाटली

१

डबा उघडला, पण टाळ्या काही वाजल्या नाहीत.

गंग शिफू, म्हणजे सगळ्यांचे गुरुजी, खुर्चीत ताठ बसून वाट बघत होते. आज त्यांचा ऐंशीवा वाढदिवस. अंगात निळा रेशमी कोट, पायांत सुनेने पाठवलेले कापसाचे जोडे. त्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळायची. तपकिरीच्या बाटलीच्या आत, तिच्या बोटाएवढ्याही नसलेल्या तोंडातून वाकडा कुंचला घालून त्यांनी जन्मभर चित्रं काढली होती. "आमचे डोळे शेवटी बाटलीतच राहतात," असं ते हसत सांगायचे. म्हणून डबा उघडताना त्यांनी कान टवकारले होते.

"काय रे? कुणी बोलत का नाही? आवडलं नाही का?"

थोरला शिष्य लुओ चिंगशान हातात उघडा डबा घेऊन तसाच उभा होता, आणि त्याचं गोल तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं. मांडवातली माणसं, बीजिंगहून आलेले कलासंस्थेचे पाहुणे, गल्लीतल्या म्हाताऱ्या, सगळे माना उंच करून बघत होते.

त्या शांततेत अंगणाच्या पार टोकाच्या स्वयंपाकघरातून आचारी दालिनचा आवाज आला, "शेवया टाकू का हो? पाणी उकळलंय! मला इथून हलता येत नाही!"

तोंग रुईलानने हातातली मांस भरलेली भाकरी ताटलीत ठेवली आणि उठली. गावच्या पोलीस चौकीची ती प्रमुख. पण आज ती आली होती ती शिफूंच्या जिवलग मित्राची, काच फुंकणाऱ्या तोंगची मुलगी म्हणून. ती डब्यापाशी गेली. पिवळ्या रेशमावर बाटली आडवी होती. थंडीत खिडकीच्या काचेवर हिव धरतं तशी पांढुरकी, धुरकट. आत चित्र नव्हतं, रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"शिफू," ती हळूच म्हणाली, "बाटली कोरी आहे."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. रुईलानने बाटली त्या हातात ठेवली. त्याने अंगठा तळावरून फिरवला, एका जागी थांबवला.

"बाटली माझीच आहे. इथे काचेत एक बुडबुडा आहे, तुझ्या बापाच्या फुंकरीचा." मग त्याने बाटली मुठीत मिटली. "पोरी, हे माझं शेवटचं चित्र. दोन हिवाळे घालवले यात. आता मला मुंगी आणि म्हैस यांतला फरक कळत नाही, दुसरं कुठून काढू?"

मांडवात कुजबुज उठली. साऱ्यांना ठाऊक होतं, आज शिफू आपला लाल शिक्का आणि ही चित्रशाळा कुणाला देणार ते त्या चित्रातून कळणार होतं. गंग शिफूंच्या बाटल्या नुसत्या बघायच्या नसत, ऐकायच्या असत. वटवाघूळ काढलं की त्याच्या चिनी नावात 'भाग्य' ऐकू यायचं, मासा काढला की 'भरभराट'. चित्रातल्या वस्तूंची नावं मोठ्याने म्हणायची, की मागे लपलेलं वाक्य कानावर पडायचं.

"मग आता तोंडानेच सांगा की, शिफू!" लुओ म्हणाला. "नाव सांगा, सोहळा उरकून टाकू."

"नाही." म्हाताऱ्याने काठी आपटली. "माझा शब्द कुणीतरी धुऊन टाकलाय. ज्याला शिक्का द्यायचा त्याच हाताने धुतला असेल तर? आधी तो हात सापडू दे. रुईलान, पाहुण्यांची बस संध्याकाळी सुटते. त्यांच्यासमोर शिक्का दिला नाही, तर उद्यापासून या शाळेला वाली नाही. सापडेल?"

रुईलानने मांडवावर नजर फिरवली. इतकी वर्षं सायकलचोर आणि कोंबड्यांवरून होणारी भांडणं यांतच गेली होती तिची.

"सापडेल," ती म्हणाली. आणि तिला जाणवलं, ज्याने हे केलं तो ते ऐकत असणार.

२

तिने बाटली आणि डबा उचलला आणि चित्रशाळेत जाऊन दार लावून घेतलं. बाटली त्या क्षणापासून तिच्याच ताब्यात राहिली.

बाहेर डिसेंबरचं कोरडं ऊन होतं. खिडकीखालच्या बाकावर कुंचले, शाईचे दगड, अर्धवट बाटल्या. तिने शिफूंची बाटली उजेडात धरली. पांढुरकी काच, आत धुकं भरल्यासारखी. ते धुकं मात्र मुळातलंच. चित्रकार बाटली आतून लोखंडी वाळूने घासून खरखरीत करतात, म्हणजे रंग धरतो. हे तिला ऐकून माहीत होतं.

मग तिला बाटलीच्या खांद्याच्या वळणाशी आत काहीतरी अडकलेलं दिसलं. बारीक, पिवळसर. तिने बाकावरचा वाकडा कुंचला घेतला, जीभ दातांत धरली आणि हलक्या हाताने ते बाहेर ओढलं.

बाजरीसारख्या बारीक राळ्याचा दाणा. कच्चा, पण पाण्याने फुगून नंतर सुकलेला.

"हे काय?" दारातून आवाज आला.

ची सूवेन उभी होती. शिफूंची सगळ्यात धाकटी शिष्या, डावखुरी, बोटं कायम रंगलेली. जीभ अशी की बाजारात मासेवालीसुद्धा तिच्याशी घासाघीस करायची नाही. शाळेतली पोरं तिला मागून 'खेकडा' म्हणायची. आडवी चालते आणि नांगी मारते म्हणून.

"दार लावलेलं होतं, सूवेन."

"माझी शाळा आहे. लावलेलं दार मी उघडते." ती जवळ आली. रुईलानच्या तळहातावरचा दाणा तिने पाहिला आणि का कोण जाणे, पुढचं वाक्य तिच्या ओठांतच राहिलं. ती वळली आणि निघून गेली.

रुईलानच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तिने डबा उलटासुलटा केला. पिवळ्या रेशमावर, बाटलीचं तोंड टेकतं तिथे, एक वळी पडली होती. ओलं कापड सुकल्यावर पडते तशी. म्हणजे बाटली धुतली, पुसली आणि ओलसर असतानाच परत डब्यात ठेवली. पण डबा कालपासून देवघरासारख्या सजवलेल्या मधल्या खोलीत होता. मग धुतली केव्हा?

३

"काल दुपारी," लुओ चिंगशान घाम पुसत म्हणाला. थंडीत घाम! "ताई, मी खोटं बोलणार नाही. माझं तोंडच असं आहे, खोटं बोललो तर लगेच पकडला जातो."

काल दुपारी बीजिंगच्या पाहुण्यांना आणायला सगळे स्टेशनवर गेले होते. शिफू झोपले होते. लुओ अर्ध्या वाटेवरून परतला, स्वागताचा फलक विसरला म्हणून.

"फलक खरंच विसरला होतात, लुओदादा?"

"मुद्दाम विसरलो होतो." तो खजील हसला. "वीस वर्षं या माणसाच्या पायाशी बसलोय. नाव कुणाचं आहे ते एक दिवस आधी कळलं असतं तर निदान रात्री झोप लागली असती. मधल्या खोलीत गेलो, डबा उचलला. गाठीला हात लावला आणि घाबरलो. पुन्हा ठेवून दिला. एवढंच."

"उघडला नाही?"

"आईशप्पथ नाही. पण..." त्याने आवाज उतरवला. "डबा खालून ओला होता. मला वाटलं पूजेचा चहा सांडला असेल. बोललो असतो तर माझीच चोरी उघडी पडली असती."

म्हणजे लुओ परतला तेव्हा बाटली धुऊन झाली होती! आणि ते खरं असेल तर चोर तेव्हा घरातच होता.

"घरी कोण कोण होतं?"

"शिफू. सूवेन, ती रुसून शाळेत बसली होती. आणि लिपिंग तिआनजिनहून नुकताच मोटारसायकलवर आला होता."

गंग लिपिंग, शिफूंचा एकुलता एक मुलगा, मांडवाबाहेर सिगारेट ओढत उभा होता. त्याला वडिलांची कला कधी कळली नाही, भाव मात्र कळायचा.

"मी कशाला धुईन?" तो फिस्कारला. "तुम्हाला डोकं आहे का? त्या बाटलीवर हाँगकाँगचं एक गिऱ्हाईक जीव टाकायला तयार होतं. चित्र होतं तेव्हा तिच्यात एक मोटारगाडी येत होती, आता तिच्यात मोहरीचं तेलसुद्धा कुणी ठेवणार नाही. मला चोरायची असती तर चोरली असती. बाबांचं शेवटचं काम मी धुऊन टाकीन?" शेवटच्या वाक्यावर त्याचा आवाज चिरकला आणि त्याने तोंड फिरवलं.

रुईलानने मनात त्याचं नाव खोडलं. लोभी माणसाने बाटली बदलली असती, पळवली असती. पण बाटली तीच होती. लोभाला कोरी काच काय कामाची?

राहिली सूवेन. आणि तिचा तो न बोललेला शब्द.

४

सूवेनकडे जाण्याआधी रुईलान स्वयंपाकघरात शिरली. तिला गरम काहीतरी हवं होतं.

हाओ दालिन, सूवेनचा नवरा, भल्यामोठ्या कढईपाशी उभा होता. दूर दक्षिणेकडच्या गावातून आलेला, ताकदीचा, मऊ स्वभावाचा माणूस. बायको डाफरली की हा तिच्यापुढे वाटीत सूप ठेवायचा. भिंतीला कोबीचे ढीग, चुलीवर वाफ, पाटावर पीचच्या आकाराचे गुलाबी टोकांचे वाफवलेले पाव.

"बसा ताई. आल्याचं सूप घ्या. शेवया कुणी खाल्ल्या नाहीत, गोळा झाला सगळा." तो डोळे पुसत म्हणाला. वाफेने की कशाने ते कळेना. "शिफूंना काही खायला नेलं तर नको म्हणाले. वाढदिवसाच्या शेवया खाल्ल्या नाहीत तर अपशकुन असतो हो."

"दालिन, तुम्ही पाहिलीत का बाटली, डबा उघडला तेव्हा?"

"पाहिली ना. दारातून डोकावलो. नुसती पाण्यासारखी झाली होती, आरपार. पलीकडचा हात दिसत होता. जीव हळहळला." त्याने तिच्यापुढे वाटी सरकवली. "ताई, सूवेनला त्रास देऊ नका. बोलते फाडकन, पण आतून लोणी आहे."

"गेल्या आठवड्यात तिचं आणि शिफूंचं वाजलं म्हणे?"

दालिनचा हात थांबला. "तिने बाटलीत ट्रॅक्टर काढला होता. शिफू सगळ्यांसमोर ओरडले, 'तू जन्मभर आडवीच चालणार!' पोरं हसली. ती घरी येऊन रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडली." त्याने झारा कढईत असा आपटला की तेल उडालं. "एवढी गुणी बाई, आणि तिचा असा तमाशा!"

सूप चांगलं होतं. रुईलान ते संपवत असतानाच दार उघडलं.

सूवेन आत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ रुईलानसमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"उगाच सगळ्यांना पिडू नकोस. बाटली मी धुतली."

कढईतला झारा खाली पडला.

५

"सूवेन!" दालिन ओरडला.

"तू गप्प बस."

रुईलानने तिला हाताला धरून चित्रशाळेत नेलं आणि बाकावर बसवलं. इतकं सोपं?

"का धुतलीस?"

"शिफूंवर राग होता."

"कशी धुतलीस?"

"कशी म्हणजे? ओल्या कुंचल्याने. चित्र बिघडलं की आम्ही तसंच पुसतो. जुना रंग हट्टीपणा करतो, पण निघतो."

"आणि आत चित्र काय होतं?"

सूवेनची मान क्षणभर हलली. "पिओनीची फुलं."

रुईलान उठली, दारातून अंगणात वाकली आणि शिफूंना विचारलं, "शिफू, चित्रात पिओनी होती?"

"पिओनी?" म्हातारा रागावून म्हणाला. "मी काय उशीचे अभ्रे रंगवतो?"

रुईलान परत आली. सूवेन खाली बघत होती.

"तू धुतली नाहीस. तू कुणाला तरी पाठीशी घालतेस. दाणा पाहिलास तेव्हा तुला कळलं कुणाला ते."

"जा गं. पुरावा असेल तर बोल."

रुईलानकडे पुरावा नव्हता. ती चिडून बाकापाशी गेली. तिथे पाण्याच्या वाडग्यात कुणा शिष्याची बिघडलेली बाटली भिजत पडली होती, रंग सुटून पाणी निळसर झालेलं. हाताला चाळा म्हणून तिने ती बाहेर काढली. पाणी ओघळलं. बाटली अगदी आरपार होती. तिच्यातून सूवेनचा उतरलेला चेहरा स्वच्छ दिसला.

रुईलानने ती कोळशाच्या शेगडीजवळ ठेवली आणि शिफूंची पांढुरकी बाटली दुसऱ्या हातात घेतली. दोन्ही एकाच खरखरीत काचेच्या. मग ही धुक्यासारखी आणि ती पाण्यासारखी का?

शेगडीच्या उबेने ओल्या बाटलीच्या एका बाजूला पांढरा डाग उमटला. हळूहळू पसरला. काच सुकत होती आणि जिथे सुकत होती तिथे धुकं परत येत होतं.

रुईलानला स्वयंपाकघरातले शब्द आठवले. *आरपार. पलीकडचा हात दिसत होता.*

"चल," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर चल."

६

मधल्या खोलीत माणसं दाटीवाटीने उभी राहिली. शिफू खुर्चीत, शेजारी लिपिंग, लुओ, बीजिंगचे पाहुणे. दालिनला तिने स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. तो हातातलं फडकं पिळत दाराशी उभा राहिला.

"आज डबा उघडला तेव्हा बाटली कशी दिसली?" रुईलानने विचारलं.

"हिव धरल्यासारखी," लुओ म्हणाला.

"दुधाळ," एक पाहुणा म्हणाला.

"धुकं," मागून एक म्हातारी म्हणाली.

"मला मात्र एकाने सांगितलं, पाण्यासारखी आरपार." तिने टेबलावरचा लाल थर्मास घेतला, शिफूंच्या बाटलीत गरम पाणी ओतलं आणि ती उंच धरली. खोलीतून एकच 'हाऽऽ' उठला. धुकं नाहीसं झालं होतं. बाटलीतून तिची बोटं स्वच्छ दिसत होती. "घासलेली काच ओली असेपर्यंतच अशी दिसते. आज ती सुकलेली होती, सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर ती माझ्या हातातून सुटलेली नाही. म्हणजे ज्याने ती आरपार पाहिली, त्याने ती काल पाहिली. ओली. धुतल्या धुतल्या."

मग तिने तळहातावरचा दाणा पुढे धरला.

"आता हा दाणा. चित्रकार बाटली पुसतो ती कुंचल्याने. पण अरुंद तोंडाची बाटली घरात आपण कशी धुतो? गरम पाणी, मूठभर राळं, आणि खळखळ हलवायचं. स्वयंपाकातल्या शिरक्याची बाटली अशीच धुतो ना, दालिन? आज डबा उघडला तेव्हा तुम्ही दारातून डोकावलाच नाहीत. त्याच वेळी तुम्ही आतून ओरडलात, मला इथून हलता येत नाही म्हणून. सगळ्यांनी ऐकलं."

दालिनच्या हातातलं फडकं खाली पडलं. सूवेन त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, जणू कुणी त्याला मारणार होतं.

"बाजूला हो, सूवेन," तो म्हणाला. "मीच केलं, शिफू. काल दुपारी तुमच्यासाठी सूप घेऊन आलो. तुम्ही झोपला होतात. सूप मधल्या खोलीत ठेवलं. डबा समोरच. सूवेनचं नाव असेल का, एवढंच बघायचं होतं. उघडला." त्याने सूवेनकडे पाहिलं. "आत खेकडा होता. एक मोठा खेकडा, नांगीत गवताची काडी धरलेला. मला वाटलं, उद्या एवढ्या मोठ्या लोकांसमोर माझ्या बायकोला खेकडा म्हणून हसणार! आमच्याकडे खेकडा म्हणजे गावगुंड, सगळ्यांच्या अंगावर जाणारा. मी ते सहन करू शकलो नाही. माझं डोकं फिरलं. मला पकडून न्या, पण तिला काही म्हणू नका."

शिफूंनी काठी उचलली. रुईलानला वाटलं, आता काठी दालिनच्या डोक्यात बसणार. पण म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली.

"सूवेन," तो म्हणाला, "खेकड्याच्या पाठीवर काय असतं?"

"कवच," सूवेन पुटपुटली.

"त्या शब्दाचा दुसरा अर्थ मोठ्याने सांग. तुझ्या नवऱ्याला ऐकू जाऊ दे."

सूवेनने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकत गेलं. आधी कोडं, मग भीती, मग ज्याला नाव नाही असं काही.

"पहिला," ती म्हणाली. "जुन्या राजदरबारच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीला तोच शब्द."

"आणि नांगीत गवत नव्हतं, लव्हाळं होतं. लव्हाळ्याच्या नावात काय ऐकू येतं?"

"नाव पुकारणं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पहिल्या आलेल्याचं नाव पुकारलं."

"माझ्या घरी खेकडा एकच आहे," शिफू म्हणाले. "पोरं तुला त्या नावाने हसतात हे मला ठाऊक होतं. म्हटलं, तेच नाव बीजिंगच्या लोकांसमोर असं पुकारीन की पुन्हा कुणाची हसायची छाती होणार नाही. ट्रॅक्टर काढल्यावर मी ओरडलो ते खरं. पण त्या ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेला चिखल मी बोटाने चाचपून पाहिला असता, एवढा तो खरा आहे म्हणे. लुओनेच सांगितलं मला. आडवं चालल्याशिवाय नवीन वाट सापडत नाही गं."

लुओ चिंगशानने मोठा सुस्कारा सोडला, तो सुटकेचा की दुःखाचा ते त्यालाही कळलं नसावं. मग त्यानेच पहिली टाळी वाजवली. क्षणभर तो एकटाच वाजवत राहिला. मग खोली, अंगण, मांडव सगळंच घुमलं. बीजिंगचा म्हातारा पाहुणा चष्मा पुसत "पहिला, पहिला!" असं म्हणत होता.

दालिन मात्र भिंतीशी खाली बसला होता. "मीच ते धुतलं," तो म्हणत होता. "ज्यात तुझं नाव होतं, तेच मी राळं घालून खळखळ धुतलं. मी स्वयंपाकी माणूस, सूवेन. खेकडा म्हणजे मला आल्याबरोबर वाफवायचा एवढाच ठाऊक."

सूवेनने त्याच्या पाठीत एक जोरदार गुद्दा मारला. मग तिथेच, सगळ्यांसमोर, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली. तिला रडताना गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं.

"तक्रार लिहून घेऊ का, शिफू?" रुईलानने विचारलं. तिने खिशातून वही काढली.

"लिही," म्हातारा म्हणाला. "खेकडा पळाला. आणि ज्याने पळवला त्याने आधी माझ्यासाठी ताज्या शेवया कराव्यात. भूक लागलीय." त्याने कोटाच्या आतून लाल शिक्का काढला आणि हवेत धरला. "सूवेन, हात कुठे आहे? डावा दे."

शिक्का तिच्या तळहातावर ठेवून त्याने तिची बोटं मिटली. पाहुण्यांच्या बसने बाहेर भोंगा वाजवला. कुणीही हललं नाही.

"बाटली सुकवा," शिफू म्हणाले. "शाई घोटा. मला तो खेकडा नखापर्यंत आठवतोय. मी सांगतो, ती काढेल."

लिपिंगने काही न बोलता बापाची खुर्ची उचलून खिडकीपाशी उजेडात नेली. लुओने शाई घोटली. दालिन शेगडीवर बाटली फिरवत राहिला, आतलं धुकं पूर्ण परत येईपर्यंत, आणि मग दोन्ही हातांनी ती बायकोपुढे धरली.

सूवेनने वाकडा कुंचला शाईत बुडवला. "आधी काय, शिफू? लव्हाळं? पाणी?"

"कागदावर जे शेवटी काढतात, ते बाटलीत आधी. आपण आतून काढतो, लोक बाहेरून बघतात." म्हाताऱ्याने तिच्या श्वासाकडे कान लावला. "आधी डोळे."

तिने श्वास रोखला, कुंचला अरुंद तोंडातून आत घातला आणि धुक्यावर दोन काळे ठिपके टेकवले.